जकातीच्या नदीवरचं सोनं

२० ऑगस्ट १४०० रोजी ऱ्हाइनच्या उजव्या तीरावरच्या लानश्टाइन गावी जर्मनीच्या राजाला गादीवरून उतरवण्यात आलं. राजा वेंझेल तिथे हजर नव्हता. माइंत्सचा आर्चबिशप योहान यानं निवाडा वाचून दाखवला: राजा निरुपयोगी आहे, हलगर्जी आहे, साम्राज्याची त्याला फिकीर नाही. दुसऱ्या दिवशी नदीपलीकडच्या रेन्स गावी नव्या राजाची निवड झाली. हे सगळं घडवून आणणारे चौघे होते. त्यांतले तिघे धर्मगुरू: माइंत्स, कोलोन आणि ट्रियर इथले आर्चबिशप. चौथा पॅलाटिनेटचा काउंट तिसरा रूप्रेख्त, आणि निवडून आलेला राजाही तोच.

राजा बदलण्याइतकी या चौघांची एकी एका दिवसात झालेली नव्हती. चौदा-पंधरा वर्षं ती सोन्याच्या एका नाण्याभोवती जुळत आली होती. १३८६ च्या सुमारास ऱ्हाइनकाठच्या या चार सत्तांनी करार केला, की चौघांच्या टाकसाळींतून निघणारा सोन्याचा गुल्डेन एकाच वजनाचा आणि एकाच कसाचा असेल. लानश्टाइनला जमलेल्यांपैकी कोलोनचा फ्रीडरिख फोन सारवेर्डेन त्या करारावेळीही होता. बाकीच्या तीन गाद्यांवर तोवर नवी माणसं आली होती. या नाणेसंघाचं महत्त्व मला त्या राज्यक्रांतीपेक्षा जास्त वाटतं. रूप्रेख्तचं राज्य दहा वर्षांत संपलं. त्या चौघांचं नाणं दीडशे वर्षं चाललं.

धर्मगुरूंनी नाणी पाडावीत याचं आज आश्चर्य वाटेल. त्या काळच्या जर्मनीत हे आर्चबिशप नुसते धर्मगुरू नव्हते. त्यांच्याकडे मुलूख होते, किल्ले होते, शिबंदी होती, न्यायदान होतं. सम्राट चौथा कार्ल यानं १३५६ साली सोन्याची मोहोर लावून जे फर्मान काढलं, त्यात राजा निवडण्याचा हक्क सात जणांना पक्का करून दिला. त्या सातांत हे तिघे आर्चबिशप होते. त्याच फर्मानानं या सात निर्वाचकांना सोन्याचांदीची नाणी पाडण्याचा अधिकारही दिला. काहींनी तो कार्लकडून आधीच सुटा मिळवला होता. आता तो सातही जणांचा झाला. जर्मनीत तोवर रोजचा व्यवहार चांदीच्या हलक्या फेनिगांवर चालायचा. मोठ्या रकमेसाठी चांदीच्या लगडी तोलाव्या लागत, नाहीतर परदेशी सोनं शोधावं लागे.

हे परदेशी सोनं म्हणजे मुख्यतः फ्लॉरेन्सचा फ्लोरिन. १२५२ पासून फ्लॉरेन्स हे साडेतीन ग्रॅमचं जवळपास शुद्ध सोन्याचं नाणं पाडत होतं: एका बाजूला शहराचं लिलीचं फूल, दुसऱ्या बाजूला संत जॉन बाप्टिस्ट. आल्प्सच्या पलीकडेही व्यापारी ते डोळे झाकून घेत. त्यामुळे ऱ्हाइनकाठच्या राज्यकर्त्यांनी सुरुवातीला सरळ त्याची नक्कल केली. तीच लिली, तोच संत जॉन, फक्त कडेच्या अक्षरांत आर्चबिशपाचं नाव. नवख्या टाकसाळीला दुसऱ्याच्या पतीचा आधार लागतोच. पुढे स्वतःची पत तयार झाली तशी लिली गेली आणि तिच्या जागी ढाल आली. संत जॉन मात्र बरीच वर्षं उभा होता.

ही पत उभी राहिली ती जकातीवर. बिंगेनपासून कोब्लेंत्सपर्यंत ऱ्हाइन डोंगरांच्या अरुंद घळीतून वाहते. खाली उतरणारी दारूची पिंपं, वर ओढून नेले जाणारे मासे, मीठ, कापड, सगळा माल याच घळीतून जायचा. नदीच्या दोन्ही काठांवर जकातनाकी होती. चौदाव्या शतकाच्या अखेरीस संपूर्ण नदीवर त्यांची संख्या साठाच्या घरात होती आणि मोक्याची बरीच नाकी या चौघांकडे. बिंगेनसमोरचा एरेनफेल्स किल्ला माइंत्सचा. काउबजवळ नदीच्या मध्यावर एखाद्या जहाजासारखा उभा असलेला बुरूज पॅलाटिनेटचा. कोब्लेंत्स आणि श्टोल्झेनफेल्स ट्रियरकडे. फ्रीडरिख फोन सारवेर्डेन तर बावीस-तेवीस वर्षांचा असताना कोलोनचा आर्चबिशप झाला आणि दोनच वर्षांत, १३७२ मध्ये, त्यानं नॉइसचं जकातनाकं उचलून झोन्सला नेलं. तिथे त्यानं तटबंदी घालून एक अख्खं गाव वसवलं. ती तटबंदी आजही बऱ्याच अंशी शाबूत आहे. नदीनं पुढे पात्र बदललं, त्यामुळे आता झोन्सच्या तटापासून पाणी थोडं दूर गेलंय.

एकाच तारवाला काही कोसांत चार वेगळ्या राज्यांची जकात भरायची असे. प्रत्येकाचं नाणं वेगळ्या कसाचं असतं, तर प्रत्येक नाक्यावर तराजू, कसोटी आणि हुज्जत. माल अडतो, व्यापारी नदी सोडून खुष्कीचा मार्ग धरतो आणि नुकसान चौघांचंही होतं. हे चौघे एरवी एकमेकांचे मित्र नव्हते. हद्दींवरून, वारशांवरून, बिशपांच्या निवडीवरून त्यांचे खटके उडत. नदी मात्र सगळ्यांना सारखंच पोसत होती. म्हणून आपसांत भांडत असतानाही त्यांनी नाणं एक केलं. सम्राटाच्या हुकमावाचून, गरजेपोटी, बरोबरीच्या नात्यानं केलेला हा करार युरोपच्या आर्थिक इतिहासातल्या फार शहाण्या करारांपैकी एक आहे असं मी मानतो.

करार करणारे चौघे होते ट्रियरचा कूनो फोन फाल्केनश्टाइन, कोलोनचा फ्रीडरिख, माइंत्सचा आडोल्फ फोन नासाऊ आणि पॅलाटिनेटचा पहिला रूप्रेख्त. कूनो हा यांतला जुना आणि मुरलेला कारभारी. ट्रियरच्या गादीवर येण्याआधी त्यानं माइंत्सचा कारभार पाहिला होता, नंतर काही वर्षं कोलोनचाही पाहिला. फ्रीडरिख तर त्याच्याच नात्यातला. करारात ठरलं ते असं: कोलोनच्या मार्क या वजनातून, म्हणजे सुमारे २३४ ग्रॅमांतून, ६६ गुल्डेन पाडायचे आणि सोन्याचा कस २३ कॅरेट ठेवायचा. म्हणजे एक नाणं साडेतीन ग्रॅमांहून किंचित जास्त आणि त्यात शुद्ध सोनं ३.४ ग्रॅमांच्या आसपास.

टाकसाळी चौघांच्या आपापल्या होत्या. माइंत्सची बिंगेनला आणि माइन नदीवरच्या होख्स्टला, ट्रियरची कोब्लेंत्स आणि ओबरवेझेलला, पॅलाटिनेटची बाखाराखला, कोलोनची बॉन आणि रीलला. कोलोनचा आर्चबिशप खुद्द कोलोनात राहत नसे. १२८८ च्या व्होरिंगेनच्या लढाईत नागरिकांनी शत्रूच्या बाजूनं लढून त्याच्या पूर्वसुरीला हरवलं होतं, तेव्हापासून शहरावरची त्याची सत्ता गेली. कॅथेड्रल त्याचं, शहर मात्र त्याचं नाही. म्हणून त्याची टाकसाळ शहराबाहेर, तटापासून जवळच असलेल्या रील गावी. शहर हातचं गेलं तरी त्याच्या नावाचं सोनं वेशीपाशीच पडत राहिलं.

सोनं यायचं कुठून? ऱ्हाइनच्या वाळूत सोन्याचे कण सापडतात आणि ते धुऊन काढणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथे होती, पण त्यातून टाकसाळी चालण्यासारख्या नव्हत्या. त्या काळात युरोपातलं बरंचसं सोनं हंगेरीतल्या क्रेम्नित्सासारख्या खाणींतून यायचं. व्यापाराच्या ओघात ते ऱ्हाइनपर्यंत पोचलं, की परदेशी नाणी, लगडी, मोडीचे दागिने या रूपांत टाकसाळीच्या दारात येई. आणणाऱ्याला त्याच्या सोन्याचे गुल्डेन मिळत. मजुरी आणि राज्यकर्त्याचा हिस्सा त्यातूनच वळता होई.

मुशीत सोनं वितळवून त्यात ठरलेलं हीण, चांदी आणि तांबं, मिसळायचं. रस पट्टीत ओतायचा, पट्टी ठोकून पत्रा करायचा, कातरीनं चौकोनी तुकडे कापायचे आणि ते ठोकून गोल करायचे. जड तुकड्याची कड कापून वजन जुळवायचं. मग ठसा. खालचा ठसा लाकडी ओंडक्यात घट्ट रोवलेला, त्याच्यावर चकती, तिच्यावर हातात धरलेला वरचा ठसा आणि त्यावर हातोड्याचा घाव. जोर तिरका पडला तर संताचं डोकं ठळक आणि पाय पुसट. चकती सरकली तर एका बाजूची अक्षरं नाण्याबाहेर. हातोड्याचे घाव वरच्या ठशावर पडत असल्यानं तो आधी झिजे. नवा ठसा खोदणारा कारागीर एखादं टिंब, एखादं फूल वेगळं ठेवी. त्यामुळे एकाच वर्षीच्या, एकाच टाकसाळीच्या दोन गुल्डेनांतही फरक दिसतो.

वजनाचा हिशेब नगावर नव्हता, घाण्यावर होता. मार्कातून ६६ निघाले पाहिजेत, एवढं बंधन. त्यांतला एखादा थोडा जड, एखादा थोडा हलका चालायचा. सराफांना हे चांगलं ठाऊक होतं. जड नाणी निवडून मुशीत घालायची आणि हलकी बाजारात फिरवायची, हा त्यांचा उद्योग सगळीकडे होता आणि सगळीकडे त्याला बंदीही होती.

फ्रीडरिखचा एखादा गुल्डेन हातात घेतला तर तो जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर रुंद, पातळ, कड ओबडधोबड. एका बाजूला उभा संत. दुसऱ्या बाजूला गॉथिक खिडकीच्या नक्षीसारखी पाकळ्यांची चौकट आणि तिच्यात ढाल. कडेला लॅटिन अक्षरं, पण इतकी आखूड केलेली की सवय नसलेल्याला लागत नाहीत: नाव, 'कोलोनचा आर्चबिशप', टाकसाळीचं गाव. कोलोनचं चिन्ह पांढऱ्यावर काळा क्रूस, ट्रियरचं पांढऱ्यावर तांबडा. सोन्यावर रंग कुठला येणार? दोन्ही क्रूस सारखेच दिसतात. म्हणून ढालीत किंवा शेजारी आर्चबिशपाच्या घराण्याचं चिन्ह असतं. सारवेर्डेन घराण्याचा दोन डोक्यांचा गरुड दिसला की नाणं फ्रीडरिखचं. माइंत्सचं काम सोपं, त्याचं चाक लांबूनही ओळखू येतं. पुढे ट्रियर आणि कोलोनच्या नाण्यांवर जॉनच्या जागी संत पीटर आला, हातात किल्ली घेऊन, डोक्यावर कोरीव मंडप. दोन्हीकडच्या कॅथेड्रलचा तो अधिष्ठाता संत. पेठेतला माणूस लॅटिन वाचत नसे, पण किल्लीवाला संत आणि चार सत्तांच्या ढाली तो ओळखी.

कराराचा जीव होता तपासणीत. प्रत्येक टाकसाळीवर पारखी नेमलेला. पाडलेल्या नाण्यांतली नमुन्याची नाणी बंद पेटीत टाकायची आणि चौघांची माणसं जमली की ती पेटी उघडून वजन आणि कस पाहायचा. झटपट तपासणीसाठी कसोटीचा काळा दगड आणि ठरावीक कसाच्या सोन्याच्या सुया. नाण्याची रेघ आणि सुईची रेघ शेजारी ओढून रंग ताडायचा. खरा निकाल मात्र आगीत, नाणं वितळवूनच लागे. एकाचा टाकसाळ्या लबाडी करतोय का, हे पाहायला बाकीचे तिघे टपलेले असत. या परस्परांवरच्या पाळतीमुळेच बाजारानं या चौघांवर भरवसा ठेवला.

आणि मग त्या चौघांनी मिळून कस उतरवायला सुरुवात केली. १४०९ पर्यंत २३ चा २२ कॅरेट झाला. १४१७ मध्ये २०. १४२५ पर्यंत १९. शतकाच्या अखेरीस, १४९० मध्ये, साडेअठरा, आणि वजनही थोडं कमी: आता दीड मार्कातून १०७ नाणी. शुद्ध सोनं ३.४ ग्रॅमांवरून अडीच ग्रॅमांवर आलं. शंभर वर्षांत एका गुल्डेनातलं चौथा हिस्सा सोनं गेलं. सोन्याची टंचाई होती, शेजारचे राजे या चौघांच्या चांगल्या नाण्यांची हलकी नक्कल करत होते, आणि चांगलं नाणं पाडणाऱ्याचं सोनं हलकं नाणं पाडणाऱ्याच्या मुशीत जात होतं. ही कारणं खरी आहेत. पण टाकसाळीच्या नफ्याचा मोहही तितकाच खरा आहे. ठशावरचा संत पीटर तसाच तेजस्वी राहिला. बावनकशी सोन्याचा छाप साडेअठरा कॅरेटच्या चकतीवर बसला.

तरीही नाणं बुडालं नाही. कस उतरला तो चौघांचा एकदम, ठरवून, लेखी करारानं. व्यापाऱ्याला नवा कस कळत होता. तो किंमत त्याप्रमाणे लावी, जुन्या गुल्डेनाला वेगळा भाव देई. मार खाल्ला तो दुसऱ्यांनीच. ज्यांचा खंड किंवा वर्षासन 'इतके गुल्डेन' म्हणून पिढ्यांपूर्वी ठरलं होतं, त्यांना आकडा तोच मिळाला आणि सोनं कमी. त्यांत विधवा होत्या, मठ होते, छोटे जमीनदार होते. आपल्याच मठांच्या उत्पन्नाला आपल्याच टाकसाळीनं कात्री लावावी, याची या आर्चबिशपांना खंत वाटली असेल असं त्यांच्या करारांवरून तरी दिसत नाही, आणि त्यांच्याविषयीचा माझा आदर इथे उणावतो.

राजालाही ते खपेना. राजा सिगिस्मुंड यानं १४१८ मध्ये फ्रांकफुर्टला स्वतःची सोन्याची टाकसाळ उघडली, पुढे नोर्डलिंगेन आणि बाझेललाही. त्याच्या गुल्डेनावर साम्राज्याचा गोल आणि क्रूस. निर्वाचकांच्या मक्तेदारीला शह देण्याचा हा डाव होता. पण सिगिस्मुंडचा हात कायम तंग. १४३१ मध्ये त्यानं या टाकसाळी आपलाच खजिनदार कोनराड फोन वाइन्सबेर्ग याच्याकडे गहाण टाकल्या. नदीची जकात ज्यांच्या हातात होती, त्यांच्यापुढे राजाचा डाव टिकला नाही.

पंधराव्या शतकात या भागातलं कुठलंही मोठं काम गुल्डेनांत मोजलं जाऊ लागलं. माइंत्सचा योहानेस गुटेनबेर्ग छपाईचा शोध पुरा करायला योहान फुस्टकडून कर्ज काढतो ते ८०० गुल्डेनांचं, मग आणखी ८०० चं. फुस्ट त्याला कोर्टात खेचतो तेव्हा, १४५५ मध्ये, व्याजासकट दावा होतो २,०२६ गुल्डेनांचा. पहिलं छापील बायबल ज्या पैशावर उभं राहिलं तो पैसा या हिशेबाचा होता.

रोमची देणीही गुल्डेनांतच. नव्या आर्चबिशपाला पोपकडून मान्यता घ्यायची तर मोठी रक्कम भरावी लागे. माइंत्सचा डीटर फोन इझेनबुर्ग यानं वाढीव रक्कम द्यायला नकार दिला, पोपनं त्याला पदावरून काढलं, आणि दोन आर्चबिशपांच्या युद्धात १४६२ च्या ऑक्टोबरात माइंत्स शहर लुटलं गेलं. शहरानं आपलं स्वातंत्र्य कायमचं गमावलं.

पन्नास वर्षांनी याच देण्यानं युरोप हादरला. माइंत्सची गादी १५०४, १५०८ आणि १५१४ अशी दहा वर्षांत तीनदा रिकामी झाली. दर वेळी रोमची रक्कम भरून मुलूख पिळून निघाला होता. तेव्हा ब्रांडेनबुर्गचा आल्ब्रेख्त, वय वर्षं तेवीस, पुढे आला: मला निवडा, रक्कम मी भरतो. त्याच्याकडे माग्डेबुर्गचं आर्चबिशपपद आधीच होतं. दोन गाद्या एकाकडे असण्याच्या परवानगीचेही पैसे पडणार होते. आउग्सबुर्गच्या फुग्गर पेढीनं त्याला २९,००० ऱ्हेनिश गुल्डेन दिले. फेडण्याची सोय म्हणून पोपनं त्याला पापक्षमेची पत्रं विकायची मुभा दिली. निम्मे पैसे रोमच्या सेंट पीटर्सच्या बांधकामाला, निम्मे कर्जफेडीला. आल्ब्रेख्तच्या नावानं निघालेल्या सूचनापत्रात दर दिलेले आहेत. राजे, राण्या, आर्चबिशप यांना २५ ऱ्हेनिश सोन्याचे गुल्डेन. मठाधिपती आणि काउंट यांना १०. त्याखाली ऐपतीप्रमाणे सहा, तीन, एक, अर्धा. अगदीच गरिबानं उपास आणि प्रार्थना करावी. योहान टेट्झेल गावोगाव विक्री करत फिरला आणि फुग्गरांची माणसं हिशेबाला बरोबर.

३१ ऑक्टोबर १५१७ रोजी मार्टिन ल्यूथरनं आपले ९५ मुद्दे पाठवले ते याच आल्ब्रेख्तला, पत्रासोबत. पापक्षमेची पत्रं कुणाचं कर्ज फेडतायत याची ल्यूथरला तेव्हा पुरती कल्पना नव्हती. धर्मसत्ता आणि टाकसाळ एकाच हातात असण्याची ही परिणती होती. त्या दरपत्रकात आत्म्याच्या सुटकेला किंमत लागली ती धर्मगुरूंनीच दीडशे वर्षं चालवलेल्या सोन्याच्या नाण्यात.

दोन वर्षांनी, १५१९ मध्ये, स्पेनचा राजा कार्लोस सम्राटपदी निवडून यावा म्हणून निर्वाचकांवर सुमारे साडेआठ लाख गुल्डेन उधळले गेले, त्यांतले साडेपाच लाखांच्या जवळपास फुग्गरांचे. आल्ब्रेख्तचा वाटा लाखावर होता.

नाण्याचे दिवस मात्र भरत आले होते. टिरोलमध्ये चांदी मुबलक निघत होती. तिथल्या हाल गावच्या टाकसाळीनं १४८६ मध्ये एका गुल्डेनाच्या किमतीचं चांदीचं जाडजूड नाणं पाडलं. पाठोपाठ बोहेमियातल्या योआखिम्सटालच्या खाणींची चांदी आली आणि थालर हे चांदीचं नाणं सगळीकडे पसरलं. १५५९ च्या साम्राज्याच्या नाणेकायद्यानं सोन्यात डुकाट या जवळपास शुद्ध नाण्याला मान दिला. साडेअठरा कॅरेटचा गुल्डेन कायद्यात राहिला, पण पुढेपुढे तो थोडाच पाडला जाऊ लागला. हातोड्याची जागाही दाबयंत्रांनी घेतली. माइंत्स, ट्रियर आणि कोलोनच्या आर्चबिशपांची राज्यं १८०३ च्या फेरवाटपात संपली. संत पीटरच्या छापाचे गुल्डेन आज जर्मनीतल्या नाणेसंग्रहालयांत आहेत. कधी तिकडे जाणं झालं तर छापावर न भाळता शेजारची पाटी वाचा आणि साल पाहा; १३८६ नंतर साल जितकं पुढचं, तितकं त्यात सोनं कमी.